कोरेल, पण अक्षर उरेल?

जालन्यात कुठल्याही छपाईच्या दुकानात लग्नपत्रिकेचा मजकूर घेऊन गेलात, की पहिला प्रश्न येतो, "कोरलमध्ये बसवायची ना?" कोणी कोरल म्हणतं, कोणी कोरेल. मराठी कानाला हा शब्द परका वाटत नाही. पाथरवट मूर्ती कोरेल, सोनार अंगठीवर नाव कोरेल, तसं हे यंत्र अक्षर कोरेल. वास्तविक त्या नावाचा कोरण्याशी काडीचा संबंध नाही. कॅनडातल्या ओटावा शहरात मायकेल काउपलँड या गृहस्थांनी १९८५ साली 'काउपलँड रिसर्च लॅबोरेटरी' सुरू केली आणि त्या तीन शब्दांचे तुकडे जोडून 'कोरेल' हे नाव तयार झालं. १९८९ मध्ये त्यांचं 'कोरेलड्रॉ' बाजारात आलं. चित्रं आणि अक्षरं रेषांनी काढण्याचं सॉफ्टवेअर. त्याआधी दोन वर्षं, १९८७ मध्ये, अमेरिकेतल्या अडोबी कंपनीचं 'इलस्ट्रेटर' आलं होतं. पण ते मॅकिन्टॉश नावाच्या महागड्या संगणकावर चालायचं. कोरेल साध्या विंडोजवर चालत होतं. आपल्याकडे नव्वदीच्या दशकात छापखान्यांतून डीटीपी आलं, ते जोडणी करून घेतलेल्या स्वस्त पीसीवर. म्हणून मुंबईच्या जाहिरात कंपन्यांत इलस्ट्रेटर आणि गावोगावच्या दुकानांत कोरेल, अशी वाटणी झाली. दुकानातली कोरेलची प्रत विकत घेतलेली असायची का, हा प्रश्न त्या काळी कोणी कोणाला विचारत नसे.

पन्नाशी ओलांडल्यावर मी हे सॉफ्टवेअर शिकायला बसलो. मी कविता लिहिणारा माणूस, शिक्षण बी.ए.पर्यंत. मला काही पत्रिकांचा धंदा काढायचा नव्हता. माझं कारण वेगळं होतं, ते पुढे ओघात येईल. कादराबादेतल्या एका दुकानात परतूरकडचा एक मुलगा काम करतो. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो मला शिकवायचा. पहिल्याच दिवशी मी माउस धरून सरळ रेघोट्या ओढायला लागलो, तेव्हा तो म्हणाला, "चाचा, रेघ नका ओढू. फक्त टिंब ठेवा. रेघ ते मशीन ओढतं."

या एका वाक्यात त्या सॉफ्टवेअरचा सगळा पाया आहे. पण तो नीट कळायला थोडं मागं जावं लागतं.

आपला जालना १९४८पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. कचेरीची भाषा उर्दू, सावकाराच्या वहीत मोडी, पोथीत बाळबोध. एकाच पेठेत तीन लिप्या नांदत होत्या. बाळबोध लिहिणाऱ्याच्या हातात बोरू आणि उर्दूच्या कातिबाच्या हातात कलम, पण दोन्ही कापलेल्या बांबूचे किंवा वेताचेच. छपाई आली तेव्हा या दोन लिप्यांच्या वाटा फुटल्या. देवनागरीनं शिशाचे खिळे पत्करले. मुंबईत जावजी दादाजी यांनी १८६४ मध्ये टाइप ओतण्याचा कारखाना आणि पुढे १८६९ मध्ये निर्णयसागर छापखाना काढला. त्यांच्या खिळ्यांतल्या देवनागरीचं वळण आपल्या आज्या-पणज्यांच्या डोळ्यांत बसलेलं होतं. उर्दूचं मात्र खिळ्यांशी जमेना. उर्दूची नस्तालीक लिपी उतरत्या पायऱ्यांसारखी तिरकी येते, शेजार बदलला की अक्षराचं रूप बदलतं. तिचे खिळे पाडायचे तर हजारोंनी पाडावे लागले असते. म्हणून उर्दू शिळाप्रेसवरच राहिली. दगडावर छापण्याची ही युक्ती जर्मनीत आलोइस सेनेफेल्डर यांनी १७९६ च्या सुमारास शोधली होती. तिच्यात कातिबाच्या हातचं अक्षर जसंच्या तसं उतरायचं. मराठीनंही आधी तीच वाट चोखाळली होती. गणपत कृष्णाजींनी १८३१ मध्ये मुंबईत पहिलं मराठी पंचांग छापलं, ते शिळाप्रेसवरच.

खिळा म्हणजे ठरलेल्या मापाचं अक्षर. बारा पॉइंटचा खिळा बारा पॉइंटचाच. मोठं अक्षर हवं असेल तर मोठा खिळा घ्या, तो पेटीत नसेल तर लाकडाचा कोरून घ्या. आमच्या लहानपणी पायानं चालणाऱ्या ट्रेडल मशीनवर पत्रिका निघायच्या. वर बसवलेला गणपती हा जस्ताचा ब्लॉक असायचा, बाहेरगावाहून करून आणलेला. गणपती लहान-मोठा करण्याची सोय नव्हती. एकाच गणपतीनं पेठेतल्या शेकडो लग्नांना हजेरी लावलेली असायची.

अक्षर पाहिजे तेवढं मोठं करण्याची विद्या गावात एकाच माणसाकडे होती. तो म्हणजे पेंटर. दुकानाची पाटी, ट्रकची पाठ, खताची भिंत, निवडणुकीचा प्रचार, सगळं त्याच्या ब्रशनं. पेंटर आधी दोरीला खडूची पूड लावून दोघांनी ताणून धरायची आणि मधोमध टिचकी मारायचा. भिंतीवर सरळ रेघ उमटली की ती शिरोरेषा. मग चौकटी पाडून त्यांत अक्षर बसवायचा. एका जुन्या पेंटरभाईंना मी विचारलं होतं, की दहा फुटी 'क' गोल कसा राहतो? त्यांनी सांगितलं, "गोल काढत नाही मियाँ. कुठं सुरू होतो, कुठं संपतो आणि पोट कुठवर येतं, एवढ्या खुणा करतो. बाकी हात फिरतो." परतूरच्या मुलानं टिंबं ठेवायला सांगितली, तेव्हा मला पेंटरभाईंच्या या खुणा आठवल्या. फरक एवढाच, की हात कसा फिरतो हे पेंटरला सांगता येत नव्हतं आणि मशीनला ते सांगितल्याशिवाय करता येत नाही.

आता पहिला धडा. संगणकात चित्र ठेवण्याच्या दोन रीती आहेत. एक रांगोळीची. ठिपक्याशेजारी ठिपका, प्रत्येकाचा रंग ठरलेला. मोबाइलमधला फोटो असा असतो. तो ताणला की ठिपके फुगतात आणि चेहरा विटांच्या भिंतीसारखा दिसतो. चौकातल्या फ्लेक्सवर वाढदिवसाच्या शुभेच्छा देणाऱ्यांत एखादा चेहरा धुरकट असतो ना, त्याचा पासपोर्ट फोटो व्हॉट्सॲपवरून आलेला असतो. दुसरी रीत कृतीची. तिच्यात चित्र साठवत नाहीत, चित्र कसं काढायचं ते साठवतात. या टिंबापासून त्या टिंबापर्यंत जा, जाताना असं वळ, आत लाल भर. माप बदललं तरी कृती तीच राहते. बियाण्याच्या पुडीवरचं कापसाचं बोंड आणि महामार्गावरच्या वीस फुटी फलकावरचं बोंड एकाच फाइलीतून निघतं आणि दोन्हींच्या कडा सारख्याच धारदार येतात. यालाच व्हेक्टर म्हणतात. महिको १९६४ मध्ये आपल्या जालन्यात सुरू झाली आणि पुढे हे गाव बियाण्यांची पेठ म्हणूनच ओळखलं जाऊ लागलं. तेव्हा बोंड, कणीस आणि मिरची काढता येणं ही इथल्या कोरेलवाल्याची बाराखडीच म्हणायची. सळईवाल्यांची बोधचिन्हं ही त्याची दुसरी इयत्ता.

पण मशीननं वळायचं कसं? याचं उत्तर कुठल्या चित्रकारानं दिलेलं नाही. ते मोटारींच्या कारखान्यातून आलं. मोटारीच्या बॉनेटचा बाक कागदावर काढणं सोपं, पण पत्रा दाबणाऱ्या साच्याला तो आकड्यांत समजावून सांगणं अवघड. फ्रान्समध्ये सिट्रोएन कंपनीतले गणिती पॉल द कास्तेलजो यांनी १९५९ मध्ये हे कोडं सोडवलं. कंपनीनं ते गुपित ठेवलं. पुढे प्रतिस्पर्धी रेनो कंपनीतले इंजिनिअर पिएर बेझिए यांनी स्वतंत्रपणे तीच वाट शोधली आणि ती छापून जाहीर केली. त्यामुळे जगभर या वक्ररेषेला बेझिए यांचं नाव पडलं आणि आधी शोधणारा माणूस कित्येक वर्षं अंधारात राहिला. मला यात आपल्या कातिबांचं आणि पेंटरांचं नशीब दिसतं. गाव त्यांच्या अक्षरांनी भरलेलं असायचं आणि सही फार तर कोपऱ्यात, बोटभर.

ही वक्ररेषा समजून घ्यायला संगणक लागत नाही. एक कागद, पेन्सिल आणि पट्टी घ्या. खाली डावीकडे क हे टिंब द्या. त्याच्या वर ख. वर उजवीकडे ग आणि त्याच्या खाली घ. क-ख, ख-ग, ग-घ अशा तीन रेघा जोडा. उलट्या खाटेसारखी चौकट होईल. प्रत्येक रेघेचा मध्य शोधा. तीन मध्य मिळतील. ते ओळीनं जोडा, दोन रेघा होतील. त्यांचे मध्य घ्या आणि ते दोन मध्य जोडा. आता एकच रेघ उरली. तिचा मध्य म्हणजे तुमच्या वक्ररेषेवरचं टिंब. मध्याऐवजी प्रत्येक वेळी तिसरा हिस्सा घेतलात, तर वक्ररेषेवरचं दुसरं टिंब मिळेल, चौथा हिस्सा घेतलात तर आणखी एक. अशी दहा-बारा टिंबं काढून जोडलीत, की एक सुरेख कमान उभी राहते. ती क मधून निघते, घ मध्ये संपते. ख आणि गला मात्र ती स्पर्शही करत नाही. ते दोघे लांब उभे राहून तिला आपल्याकडे ओढत असतात. हीच कास्तेलजोंची रीत. कोरेलमध्ये टिंबाला नोड म्हणतात आणि त्या ओढणाऱ्यांना हँडल. आमच्या दुकानात त्याला दांडी म्हणतात. "टोक पकडू नका चाचा, दांडी पकडा," हे मी शंभर वेळा तरी ऐकलं असेल.

चार टिंबांची हीच वक्ररेषा अडोबीनं १९८४ च्या सुमारास तयार केलेल्या पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेत आली. १९८५ मध्ये ॲपलच्या लेझर प्रिंटरमध्ये ती भाषा बसली, तेव्हापासून संगणकावरचं अक्षर खिळ्याच्या ठरलेल्या मापातून सुटलं. इवलंसं करा किंवा भिंतीएवढं करा. पेंटरची विद्या मशीनला मिळाली ती ही अशी, मोटारीच्या कारखान्यातून फिरून.

टिंब या शब्दापाशी मला थोडं रेंगाळायचं आहे. लहानपणी उर्दू खताचा धडा घेताना उस्तादांनी पहिली गोष्ट शिकवली, ती नुक्ता. कलमाचं टोक कागदावर एकदा दाबलं की जो तिरका चौकोनी ठिपका उमटतो तो नुक्ता, आणि तोच मोजपट्टी. नस्तालीकमधला अलिफ तीन नुक्त्यांचा. प्रत्येक अक्षराची लांबी, खोली, उतार, सगळं नुक्त्यांत. कलम जाड घेतलं की नुक्ता मोठा आणि अक्षरही त्याच प्रमाणात मोठं. ही प्रमाणं बांधून देण्याचं श्रेय बगदादचा वजीर इब्न मुक्ला याला देतात. दहाव्या शतकातला माणूस. दरबारच्या राजकारणात त्याचा उजवा हात तोडला गेला आणि ९४० मध्ये तो कैदेत मेला. म्हणजे माप बदललं तरी अक्षर तेच राहिलं पाहिजे, हा व्हेक्टरचा विचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या टिंबातही होता. गणित नव्हतं, प्रमाण होतं. नोड आणि नुक्ता यांची फार ओढून-ताणून सोयरीक जुळवू नये, हे मला कळतं. नुक्ता मोजतो, नोड वळवतो. पण दोन्हीकडे शिकणाऱ्याला एकच गोष्ट साधावी लागते. रेघेकडे न बघता रेघ जिथं फिरते त्या जागेकडे बघणं.

त्यातला कस असा, की टिंबं जितकी कमी तितकं अक्षर देखणं. नवशिका 'अ' काढतो तो चाळीस टिंबांचा. कडा थरथरते, तापातल्या हातानं लिहिल्यासारखी. जाणता माणूस वळणाच्या टोकांवर मोजकी टिंबं ठेवतो. जिथं कोन हवा तिथं टिंब टोकदार करायचं, जिथं बाक हवा तिथं नितळ. कोरेल त्यांना कस्प आणि स्मूथ म्हणतं. हल्ली स्कॅन केलेलं चित्र एका बटणावर रेषांत बदलून देण्याची सोय आहे. ती वापरली, की साध्या बोधचिन्हाला शेकडो टिंबं लागतात. पेंटरभाईंना मी स्क्रीनवर असं चित्र दाखवलं तेव्हा ते म्हणाले, "गुळाला मुंग्या लागल्यात."

पुढचे धडे भराभर सांगतो. आकार जोडणं म्हणजे वेल्ड, एकानं दुसऱ्याला कापणं म्हणजे ट्रिम, दोन्हींचा सामाईक भाग ठेवणं म्हणजे इंटरसेक्ट. रंग स्क्रीनसाठी वेगळे आणि छपाईच्या चार शाईंसाठी वेगळे. स्क्रीनवरचा झगझगीत हिरवा कागदावर शेवाळी होतो तो त्यामुळे. यातला वेल्ड मराठीसाठी फार जिव्हाळ्याचा आहे. रेडियमवाल्याच्या दुकानात गाडीवर लावायचं नाव कापणारं एक यंत्र असतं, कटिंग प्लॉटर. त्यात बारीक पातं असतं आणि ते फाइलीतल्या रेघेवरून चालतं. त्याला रंग कळत नाही, अर्थ कळत नाही, फक्त रेघ कळते. इंग्रजी अक्षरं सुटी असतात, त्यांचं भागतं. आपली अक्षरं शिरोरेषेनं एकमेकांच्या हद्दीत शिरलेली. 'आई' असं लिहून तसंच कापायला दिलं, तर पातं दोन अक्षरांच्या सीमेवरून शिरोरेषा चिरत जातं आणि 'आ' वेगळा, 'ई' वेगळी होऊन हातात येते. आधी वेल्ड करायचं, शिरोरेषा सलग करायची, मगच पातं फिरवायचं. कोरेल हे नाव खरं होतं ते इथं.

दुसरी गंमत पोटाची. शाळेत आपण 'ष'ला पोटफोड्या म्हणायचो. कोरेलमध्ये अक्षर रेषांत बदलून सुटं केलं, म्हणजे ब्रेक अपार्ट केलं, की बाहेरची रेघ आणि आतल्या पोकळीची रेघ वेगवेगळ्या होतात आणि दोन्हींत रंग भरतो. 'व', 'ब', 'ष', 'क' सगळ्यांची पोटं काळ्या रंगानं गच्च. परत कंबाइन केलं की पोकळी मोकळी होते. अक्षर हे काळ्यानं जितकं बनतं तितकंच आतल्या पांढऱ्यानंही, हे मला इतक्या रोखठोकपणे कोणत्या पुस्तकानं सांगितलं नव्हतं.

आता मी शिकायला का बसलो ते सांगतो.

देवनागरी संगणकावर आणण्याची खटपट आपल्याकडे लवकर सुरू झाली होती. १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक स्थापन झालं. भारतीय लिप्यांसाठी 'इस्की' नावाचं मानक तयार झालं आणि १९९१ मध्ये त्याला सरकारी मान्यता मिळाली. पण डीटीपीच्या दुकानांत चालले ते वेगवेगळ्या कंपन्यांचे फॉन्ट, श्री-लिपी, आयएसएम, आकृती. त्या काळच्या फॉन्टमध्ये २५६ खणांची जागा असायची. त्या खणांत इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवलेले. कुठं अर्धा क, कुठं काना, कुठं रफार. कोणता तुकडा कुठल्या खणात, हे ज्यानं त्यानं आपल्या सोयीनं ठरवलेलं. पडद्यावर आपल्याला मराठी दिसायची, पण संगणकाच्या लेखी तो इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा कालवा असायचा. तोच फॉन्ट समोरच्या संगणकात असेल तर मराठी, नसेल तर काहीच्या बाही.

मग छापखान्यात फाइल पाठवायची कशी? तिथं तुमचा फॉन्ट नसला तर पत्रिकेत वधूचं नाव भलतंच उमटायचं. यावर कोरेलवाल्यांनी रामबाण उपाय काढला. कंट्रोल आणि क्यू दाबा. कन्व्हर्ट टू कर्व्ह. सगळ्या अक्षरांच्या रेषा होतात. आता फॉन्ट असो नसो, जगात कुठंही उघडा, छपाई अचूक येते. महाराष्ट्रातल्या हजारो दुकानांत ही कळ दिवसातून कितीदा तरी दाबली गेली असेल. काम झालं, यात शंका नाही.

पण ती कळ दाबल्याक्षणी अक्षर अक्षर राहत नाही. 'आई' ही दोन चित्रं होतात, काळी, वळणदार, पोटात पोकळी असलेली. त्यांत एक मात्रा बदलता येत नाही. त्या फाइलीत 'आई' शब्द शोधा म्हटलं तर संगणक सांगतो, सापडला नाही. आणि तो खोटं बोलत नसतो.

नव्वदीच्या मध्यापासून पुढची दहा-पंधरा वर्षं आपल्याकडे जे छापलं गेलं, गावोगावची लघुनियतकालिकं, स्मरणिका, शाळांचे अहवाल, छोट्या प्रकाशकांचे कवितासंग्रह, त्यातलं पुष्कळसं दोनच रूपांत उरलं आहे. एक तर जुन्या फॉन्टच्या कालव्यात, नाही तर कर्व्ह केलेल्या चित्रांत. ज्या सीडींवर ते ठेवलं होतं त्या सीडींनाही बुरशी आली. उर्दूची कथा वेगळी नाही. १९८१ मध्ये लाहोरला 'जंग' दैनिक मिर्झा अहमद जमील यांच्या नूरी नस्तालीक अक्षरांत संगणकावर जुळवून निघालं आणि कातिबांच्या ओळी मोकळ्या व्हायला लागल्या. पुढे १९९४ मध्ये दिल्लीत तयार झालेलं 'इनपेज' हिंदुस्तानातल्या उर्दू दुकानांत पोचलं. त्याच्या जुन्या आवृत्त्यांची मांडणीही स्वतःपुरती होती, त्या फाइली दुसरीकडे सरळ उघडत नाहीत. शिळाप्रेसवरची शंभर वर्षांपूर्वीची पोथी आपण आज उघडून वाचू शकतो आणि २००१ सालची फाइल वाचता येत नाही, हा हिशेब मला बरेच दिवस पटत नव्हता.

माझा एक संग्रह असाच जुन्या फॉन्टात टाइप झाला होता. छापील प्रती संपल्या. दुसरी आवृत्ती काढायची तर सगळं पुन्हा टाइप करावं लागेल, असं छापखान्यानं सांगितलं. फाइल माझ्या हातात दिली. त्यात निम्म्या कविता कालवा झालेल्या आणि उरलेल्या रेषा झालेल्या. म्हणून मी परतूरच्या मुलाकडे गेलो. आपल्याच ओळींच्या टिंबांना आणि दांड्यांना हात लावत बसलो. एका कवितेतल्या 'पाऊस' शब्दावर एफ-दहा दाबून बघितलं, तर तो टिंबांच्या माळेसारखा दिसला. माळ सुंदर होती. पण पाऊस तिच्यात नव्हता.

यावरचा इलाज तोवर जगात आलेला होता. १९९१ पासून युनिकोड नावाचं मानक आलं. त्यात प्रत्येक अक्षराला जगभर एकच क्रमांक. आपला 'क' म्हणजे २३२५. तो कुठल्या फॉन्टात कसा दिसतो, ही वेगळी गोष्ट. अक्षराची ओळख आणि अक्षराचं रूप यांची फारकत, आणि इथं ती फारकत फायद्याची. मायक्रोसॉफ्टच्या विंडोज २००० बरोबर 'मंगल' हा देवनागरी फॉन्ट आला. तो रचला र. कृ. जोशी यांनी. सुलेखनकार, कवी, जाहिरात क्षेत्रातले जाणते, मुंबईच्या आयआयटीत शिकवणारे. २००८ मध्ये ते गेले. पडद्यावरचं मराठी वाचताना त्यांची आठवण फार थोड्यांना होत असेल. पुढे मुंबईच्या एक टाइप या मंडळींनी 'मुक्त' आणि 'बलू'सारखे फॉन्ट केले आणि ते कोणालाही फुकट वापरता येतात. कोरेलच्या जुन्या आवृत्त्यांत युनिकोडची जोडाक्षरं फुटायची, पाय मोडका अक्षरांचा खच पडायचा. त्यामुळे दुकानं जुन्या फॉन्टांनाच चिकटून राहिली. नव्या आवृत्त्यांत ती अडचण उरलेली नाही. पैसे खर्चायचे नसतील तर २००३ पासून 'इंकस्केप' हे मोफत सॉफ्टवेअरही आहे. त्यात तीच टिंबं आणि त्याच दांड्या.

पेंटरांचं काय झालं, हे विचारायला हवं. फ्लेक्सची यंत्रं आली आणि काही वर्षांत भिंतीवरचा ब्रश जवळजवळ थांबला. जे तरुण होते ते कोरेल शिकले आणि माझ्या पाहण्यात त्यांची अक्षरं वेगळी ओळखू येतात. ते फॉन्ट नुसता टाकत नाहीत, मात्रेची दांडी थोडी ओढतात, वेलांटी पुढच्या अक्षरावर सावलीसारखी धरतात. जे वयस्क होते त्यांना माउस हातात बसला नाही. आमच्या पेंटरभाईंनी आता नंबरप्लेटाही सोडल्या. ही झीज सॉफ्टवेअरच्या माथी मारून मी मोकळा होणार नाही. गिऱ्हाइकाला दोन तासांत आणि निम्म्या पैशांत बोर्ड हवा होता. पण ब्रशचं एक होतं. पेंटरनं भिंतीवर लिहिलेलं 'येथे चहा मिळेल' हे चित्रही होतं आणि अक्षरही, दोन्ही एकाच वेळी. त्यातलं एक निवडायची वेळ त्याच्यावर आली नाही.

दुकानात आता मी एक सवय लावून घेतली आहे आणि त्या मुलालाही लावली आहे. कुठल्याही कामाच्या तीन प्रती ठेवायच्या. एक, मजकूर अक्षरांत असलेली कोरेलची फाइल. दुसरी, छपाईला देण्यासाठी कर्व्ह केलेली. आणि तिसरी, नुसता युनिकोड मजकूर, ना फॉन्ट ना रंग, शंभर पानांचं पुस्तक असलं तरी एखाद्या फोटोहून हलकी. पत्रिकेपुरती ही कटकट वाटेल. पण शाळेची स्मरणिका, गावाचा इतिहास, कोणाच्या आजीच्या ओव्या जमवलेली वही छापायला द्याल, तर ती तिसरी प्रत मागून घ्या. मागितल्याशिवाय ती कोणी देत नाही.

माझ्या संग्रहाचं काम चालू आहे. कर्व्ह झालेल्या कविता छापील प्रतीवरून नव्यानं टाइप केल्या. कालवा झालेल्या कविता युनिकोडमध्ये बदलून देणारी साधनं आहेत, ती बरंचसं काम करतात. पण जुन्या फॉन्टात पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, युनिकोडमध्ये ती नंतर येते. रफाराचं नेमकं उलट. त्यामुळे बदलताना वेलांट्या शेजारच्या घरात जाऊन बसतात. त्याहून अवघड 'ऱ्या'. मराठीचा हा चंद्रकोरीसारखा अर्धा र साधनाला नीट कळत नाही, तो त्याचा रफार करून टाकतो. 'वाऱ्यावर'चं 'वार्यावर' होतं. मुलगा म्हणतो, शोधा आणि बदला केलं की मिनिटात उरकेल. पण 'सूर्या'ला रफारच हवा आणि 'वाऱ्या'ला नको, हे त्याला कोण सांगणार? म्हणून एकेक ओळ वाचावी लागते. दुपारी गिऱ्हाईक नसलं की तो पडद्यावरून मोठ्यानं वाचतो आणि मी छापील प्रतीवर बोट ठेवून ऐकतो. सत्तावीस पानं झाली आहेत.